दोन बोटांची जखम

सन १८८९ च्या मार्चमध्ये, होळीच्या उधाणाला, मार्सेलनं मिठागराची उघाडी उचलली आणि खाडीचं पाणी आत घेतलं. उघाडी म्हणजे बांधातली लाकडी झडप. ती किती उचलायची हे मार्सेलला डोळे मिटूनही कळायचं, पण त्या दिवशी भरती नेहमीपेक्षा वीतभर जास्त चढली. मिठाचे वाफे भरले, पाणी त्यांच्यावरून वाहिलं आणि पलीकडच्या काळुराम भोईरच्या भातखाचरात शिरलं. खारं पाणी बसलेलं खाचर पुढं दोन-तीन वर्षं धड पिकत नाही, हे ठाण्याच्या खाडीकाठी शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

काळुराम कुंपणासाठी काटे तोडत होता. तो तसाच कोयता घेऊन बांधावर आला. मागून त्याचा चुलतभाऊ पोपट बांबू घेऊन आला.

"उघाडी टाक खाली," काळुराम म्हणाला.

"पाणी जोरात हाय. आता टाकली तर फळी फुटंल," मार्सेल म्हणाला. "जरा ओसरू दे."

"माजं खाचर जातंय आनि तू ओसरू दे बोलतंस?"

काळुरामनं स्वतःच फळीला हात घातला. मार्सेलनं त्याला ढकललं. काळुराम चिखलात पडला, उठला, आणि तेवढ्यात मार्सेलच्या मेव्हण्यानं, पास्कूनं, त्याच्या पाठीत फावड्याचा दांडा घातला. मग कुणी कुणाला विचारलं नाही. पोपटनं बांबू फिरवला आणि मिठागरावरच्या एका मजुराचे दोन दात तोंडातून सांडले. पास्कूनं पोपटला खाली पाडलं, त्याचं डोकं वाफ्यातल्या पाण्यात दाबलं आणि तो पाय झाडू लागेपर्यंत दाबून धरलं. काळुरामनं त्याला सोडवायला कोयता उगारला. पास्कू सरकला. मध्ये मार्सेलचा हात आला.

कोयत्याचं टोक डाव्या हाताला, कोपराखाली लागलं. दोन बोटं लांब जखम. हाड दिसलं नाही, मांसही फारसं फाटलं नव्हतं. पोपटच्या नाकातून याहून जास्त रक्त वाहत होतं. पण मार्सेलनं हाताकडं पाहिलं आणि तो मटकन बांधावर बसला. त्याचा चेहरा मिठासारखा पांढरा झाला. एवढ्याशा जखमेनं माणूस इतका भितो हे काळुरामनं कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या हातातला कोयता खाली आला आणि त्याबरोबर भांडणही थांबलं.

मार्सेल का भ्याला ते त्या बांधावर कुणालाच ठाऊक नव्हतं. पास्कूलासुद्धा.

ते ठाऊक होतं घरातल्या बायकांना: मार्सेलच्या आईला, थोरल्या बहिणीला सबीनाला आणि धाकट्या एमाला. मार्सेल चोवीस वर्षांचा, सबीना त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. तिचं पास्कूशी लग्न होऊन दहा वर्षं झाली होती, दोन मुली होत्या, आणि ती माहेरच्याच पाखाडीत, त्याच वस्तीत, चार घरं सोडून राहत होती. मार्सेल लहानपणी रांगायला लागला तेव्हा त्याच्या गुडघ्यांवर काळीनिळी वळं उठायची. पुढं उजवा गुडघा वर्षातून दोनदा नारळाएवढा सुजायचा आणि तो रात्रंदिवस विव्हळायचा. आई लोकांना सांगायची, वात आहे. आईचे दोन भाऊ तरुणपणीच गेले होते. एकाची दाढ उपटली होती, तो सहाव्या दिवशी गेला. दुसरा ताडावरून घसरला, खरचटलं तेवढंच, पण मांडी काळी पडून फुगत गेली. आईनं सबीना आणि एमाला पवित्र मरियेसमोर उभं करून वदवून घेतलं होतं, की आपल्या घरात रगत पातळ आहे हे बाहेर बोलायचं नाही. बोललात तर तुम्हाला कुणी पत्करणार नाही.

घरी आणल्यावर आईनं जखमेवर हळद दाबली, वर कोळिष्टक ठेवलं, फडकं करकचून बांधलं. दिवेलागणीच्या आत रक्त थांबलं. मार्सेल पेज प्यायला. "थांबलं गं," तो सबीनाला म्हणाला आणि हसला. सबीनाही हसली, पण फडक्यावरची नजर तिला काढवेना.

सकाळी ती आली तेव्हा फडकं ओलं होतं.

रक्त उडत नव्हतं, भळभळत नव्हतं. नुसतं पाझरत होतं, भेगेतून पाणी झिरपावं तसं. एक फडकं बदललं, दुसरं बदललं. आईनं तुरटी दाबली. वैदूनं तापवलेला सळईचा तुकडा जखमेवर टेकवला. मार्सेलची किंकाळी पाखाडीभर गेली, मांस जळल्याचा वास घरात भरला, अर्धा तास जखम कोरडी राहिली आणि मग जळलेल्या खपलीच्या कडेनं पुन्हा लाल रेघ खाली उतरू लागली. दुपारपर्यंत चटई भिजली.

दारात माणसं जमली. एवढ्या जखमेतून असं रक्त जातं, म्हणजे यात काहीतरी आहे. कुणीतरी म्हणालं, कोयत्याला विख लावलं होतं. दुसरा म्हणाला, काळुरामच्या घरात करणी करणारी बाई आहे. सबीना उंबऱ्यावर उभी होती. तिनं तोंड उघडलं. आईनं आतून तिचा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. सबीनानं तोंड मिटलं.

पास्कूनं दारामागची कुऱ्हाड काढली. दहा-बारा जण त्याच्या मागं गेले.

काळुराम अंगणात जेवायला बसला होता. त्यांनी त्याला ताटावरून ओढलं. त्याची बायको रखमाबाई आडवी आली, तिला दोघांनी कुडावर फेकलं. काठ्यांनी, लाथांनी, नांगराच्या जुवानं, जे हाताला लागेल त्यानं मारलं. डोक्याला तीन ठिकाणी खोक पडली. कुऱ्हाडीच्या दांड्याचं टोक पास्कूनं त्याच्या तोंडावर घातलं, आणि डावा डोळा फुटला. काळुराम हलायचा थांबला तेव्हाच ते थांबले.

त्या संध्याकाळी ठाण्याच्या सरकारी दवाखान्याच्या आवारात दोन बैलगाड्या शिरल्या. एकीत मार्सेल, दुसरीत काळुराम.

गोरा सिव्हिल सर्जन दौऱ्यावर होता. दवाखाना सांभाळत होते हॉस्पिटल असिस्टंट दौलतराव प्रधान, चाळिशीचे, नौपाड्यात राहणारे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी आधी काळुरामला पाहिलं, कारण तो मेल्यासारखाच दिसत होता. फुटलेला डोळा साफ केला, डोक्याच्या खोका शिवल्या. मग ते मार्सेलकडं आले, फडकं सोडलं, आणि जखम पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"एवढीच?"

"एवढीच," सबीना म्हणाली.

त्यांनी दोन टाके घातले. पाच मिनिटांनी पाहिलं तर सुईनं पडलेल्या चारही छिद्रांतून रक्त येत होतं. त्यांनी टाके काढले, लोहाचं तुरट औषध लावलं, घट्ट दाबून बांधलं. मग स्टूल ओढून सबीनासमोर बसले.

"बाई, याला पूर्वी असं झालं होतं का?"

"नाय."

"घरात आणखी कुणाला?"

सबीनानं मान हलवली.  दौलतराव उठून मार्सेलच्या पायांशी गेले, धोतर वर सारलं आणि उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. गुडघा वाकडा, जाड, गाठीसारखा झाला होता.

"तुम्ही याला वात म्हणत असाल, पण हा वात नाही," ते म्हणाले. "हे सांध्यात साचलेलं रक्त आहे. पुष्कळ वर्षांचं. मला खरं सांगितलंत तर मी काही करू शकेन. खात्री देत नाही, पण प्रयत्न करेन."

सबीनानं मग सांगितलं. दाढ, ताड, दोघे मामा, आईची शपथ. सांगताना ती दाराकडं पाहत होती, कारण बाहेर व्हरांड्यात पास्कू आणि आई बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन खिडकीत आल्यावर दौलतरावांनी टेबलावर काचेच्या दोन नळ्या ठेवल्या. एकीत मार्सेलच्या जखमेतून पाझरणारं रक्त घेतलं. दुसरीसाठी निरोगी माणसाचं रक्त हवं होतं. काळुरामच्या डोक्याचा एक टाका पुन्हा घालायचा होता, तिथून ओघळलेलं त्यांनी नळीत धरलं. सबीना पाहत होती.  दौलतरावांनी खिशातलं घड्याळ टेबलावर ठेवलं.

आठव्या मिनिटाला त्यांनी काळुरामची नळी तिरकी केली. रक्त हललं नाही. ते जेलीसारखं थिजून काचेला चिकटलं होतं. मार्सेलची नळी तिरकी केली, रक्त पाण्यासारखं एका कडेकडून दुसरीकडं गेलं. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. ते तसंच हलत राहिलं.

खाटेवर काळुराम शुद्धीवर येत होता. त्याच्या अंगावर वीस जखमा होत्या आणि एकीतूनही आता रक्त येत नव्हतं. तीन खाटा सोडून मार्सेल होता, एका जखमेचा.

"तो जगंल?" सबीनानं काळुरामकडं मान वळवत विचारलं.

"जगेल."

"आनि माजा भाव?"

 दौलतरावांनी दोन काचपट्ट्यांवर दोघांच्या रक्ताचा एकेक थेंब पसरला, सूक्ष्मदर्शकाचा आरसा उन्हाकडं वळवला आणि तिला वाकून पाहायला सांगितलं. तिला आधी नुसता उजेड दिसला, मग चकत्यांची गर्दी. त्यांच्यामध्ये फिकट, बारीक, तांदळाच्या कण्यांसारखे ठिपके होते, कुठं एकटे, कुठं एकमेकांना चिकटलेले.

"या कण्या दोघांच्याही रक्तात आहेत," ते म्हणाले. "विलायतेतले डॉक्टर सात-आठ वर्षांपासून यांच्याबद्दल लिहू लागलेत. रक्ताची नळी फाटली की या धावत येतात, फाटलेल्या कडेला चिकटतात, एकमेकींना चिकटतात. तिथं बोळा बसतो. परवा संध्याकाळी रक्त थांबलं होतं ना? ते यांनी थांबवलं."

"मग परत का आयलं?"

"तुमच्याकडं बांधाला भगदाड पडलं तर काय करता?"

"चिखल टाकतो."

"तेवढ्यानं भागतं?"

"नाय. नुसता चिखल भरतीबरोबर जातो. मेढी ठोकायच्या, त्यात पेंढा विणायचा. मग चिखल धरतो."

"तसंच आहे. रक्ताच्या पाण्यात पेंढा असतो, पण विरघळलेला, डोळ्यांना न दिसणारा. जखम झाली की त्याचे धागे होतात. ते धागे या कण्यांना आवळतात, आणि धाग्यांनाही धरायला कण्याच लागतात. दोघं मिळून बांध घालतात. एकट्याकडून होत नाही. तुमच्या भावाच्या कण्या धावून आल्या. पण धागे आले नाहीत, आले ते फार उशिरा आले. बोळा मऊ राहिला आणि रात्रीत वाहून गेला."

"त्याच्यात पेंढा नाय?"

"असावा. पण त्याचे धागे करायला विरजण लागतं, दुधाचं दही व्हायला लागतं तसं. ते विरजणही एकटं नसतं. एक जागं होतं, ते दुसऱ्याला जागं करतं, दुसरं तिसऱ्याला. याच्या रक्तात त्यातलं एक कुठलं तरी नाही. कुठलं, ते मला ठाऊक नाही. मला वाटतं, आज कुणालाच ठाऊक नाही."

"आनि माज्यात?"

"हा रोग पुरुषांना होतो. बायकांच्या पोटातून पुढं जातो. त्यांना स्वतःला बहुधा काही होत नाही."

सबीनाला दोन्ही मुली आठवल्या. धाकटी बहीण एमा आठवली. सोळा वर्षांची, कल्याणच्या रेल्वे यार्डातल्या फायरमनशी तिचं लग्न ईस्टरनंतर ठरलं होतं.

दुपारपर्यंत काळुरामच्या नळीतलं रक्त आकसलं आणि त्याच्यावर पिवळसर पाणी सुटलं. दौलतरावांनी मार्सेलचं ताजं रक्त एका काचेत घेतलं आणि त्यात त्या पाण्याचे काही थेंब सोडले. सबीना घड्याळाच्या काट्याकडं पाहत होती. बारा मिनिटांनी मार्सेलचं रक्त थिजलं. दौलतरावांनी काच उलटी केली. काही सांडलं नाही.

ते एकदम उभे राहिले. सबीनानं त्यांना प्रथमच घाईत पाहिलं. त्यांनी मऊ कापडाची घडी घेतली, उरलेल्या पिवळ्या पाण्यात भिजवली. काळुरामच्या खाटेशी जाऊन त्याला विचारलं, "तुझं थोडं रक्त घेऊ का? त्या पोरासाठी." काळुरामनं उघड्या डोळ्यानं त्यांच्याकडं पाहिलं आणि हात पुढं केला. ते ताजं रक्त घडीवर घेऊन त्यांनी मार्सेलच्या जखमेत दाबून बसवलं आणि वरून पट्टी बांधली.

तासाभरानं पट्टी पांढरी होती. दोन तासांनीही पांढरीच होती. मार्सेलनं पाणी मागितलं. "सबी," तो म्हणाला, "थंडी कमी जाली गं."

पास्कूला हे दवाखान्याच्या झाडूवाल्याकडून कळलं. तो व्हरांड्यातून आत आला तो सरळ मार्सेलच्या खाटेशी.

"ह्येच्या अंगात काळुरामचं रगत घातलंस?"

"अंगात नाही, जखमेवर," दौलतराव म्हणाले. "हात लावू नका."

"ज्यानं मारला त्याचंच रगत?"

"पास्कू," सबीना म्हणाली, "थांबलंय रे. बघ तरी, थांबलंय."

पास्कूनं तिला कोपरानं बाजूला सारलं. ती टेबलावर आदळली, नळ्या खाली पडून फुटल्या. दौलतरावांनी त्याचा खांदा धरला तर त्यानं त्यांच्या छातीत गुद्दा घातला. मग त्यानं मार्सेलची पट्टी दोन्ही हातांनी ओढली. ती निघेना, तेव्हा हिसडली. कापडाबरोबर थिजलेला लाल गोळा, खपली आणि खालचं कोवळं मांस एकदम निघालं. मार्सेल ओरडला. त्या जखमेतून इतकं रक्त यापूर्वी एकदाही आलं नव्हतं.

पास्कू घडी हातात घेऊन उभा राहिला. दवाखान्याच्या दारावरचा हवालदार धावत आला आणि त्यानं त्याला मागून आवळलं, पण पास्कू झगडला नाही. तो मार्सेलच्या हाताकडं पाहत होता.

दौलतरावांनी पुन्हा सगळं केलं. दुसरी घडी, पुन्हा काळुरामचं रक्त, शेवटी स्वतःच्या दंडातलंही काढलं. पण फाटलेली जागा आता मोठी होती आणि मार्सेलमध्ये फारसं उरलं नव्हतं. हात खांद्यापर्यंत काळा फुगला. पहाटे सूज मानेवर चढली आणि त्याला श्वास घेता येईना. सकाळी प्रार्थनेची घंटा झाली तेव्हा तो गेला होता. आईनं त्याचे डोळे मिटले. सबीनानं त्याचा हात पुसला. मेल्यानंतरही फडक्याला लाल डाग लागत होता.

काळुरामवर खुनाचा खटला झाला. तो जूनमध्ये ठाण्याच्या सेशन कोर्टात उभा राहिला. पाखाडीतले सात साक्षीदार सांगणार होते की कोयत्याला विख होतं, आणि काळुरामनं एकदा नाही, दोनदा वार केला. पास्कूवरही फुटलेल्या डोळ्याचा खटला होता, पण तो मागून चालायचा होता. तोवर तो जामिनावर सुटला होता. साक्षीच्या आदल्या दिवशी तो सबीनासमोर बसला.

"तू इतकंच सांग, दोन वार केले."

"एकच होता."

"तू बांधावर व्हतीस काय?"

"जखम एकच व्हती, पास्कू. मी धुतली."

"मामांचं काय बोलू नको. आनि त्या पट्टीचं..." तो पुढं बोलला नाही. त्यानं तिच्या थोबाडीत मारली. मग आपल्याच हाताकडं पाहत बसला.

आईनं तिला मारलं नाही. ती एमाचा हात धरून आली. "हिचं लगीन मोडंल," ती म्हणाली. "मार्सेल गेला. तो परत यायचा नाय. आता जित्या पोरीचं बघ."

 दुखवट्यामुळं पुढं ढकललेल्या लग्नासाठी शिवायला घेतलेला झगा एमाच्या काखेत होता.

सबीनाला रात्रभर त्या बांधावरचा काळुराम दिसत होता, जरी तिनं त्याला तिथं पाहिलं नव्हतं. आणि दुसरा काळुराम, खाटेवरून हात पुढं करणारा, तो तर तिनं पाहिलाच होता.

कोर्टात दौलतरावांची साक्ष आधी झाली. त्यांनी कण्यांचं आणि धाग्यांचं सांगितलं. न्यायाधीश साहेबानं विचारलं, मृताच्या रक्तात असा दोष होता याला तुमच्या दोन नळ्यांखेरीज पुरावा काय? नळ्या तर फुटल्या म्हणता. दौलतराव म्हणाले, पुरावा त्याच्या घरच्यांपाशी आहे.

सरकारी वकिलानं सबीनाला विचारलं, आरोपीनं किती वार केले? ती म्हणाली, जखम एकच होती, दोन बोटांची. वकील खाली बसायला निघाला, पण ती थांबली नाही. दाढ उपटलेला मामा, ताडावरून पडलेला मामा, मार्सेलचा गुडघा, सगळं एका दमात बोलली. दुभाष्या तिच्या मागं मागं धापा टाकत होता. मागच्या बाकावर एमाची होणारी सासू, त्या फायरमनची आई, बसली होती. ती मधूनच उठली आणि निघून गेली. सबीनाला ते दिसलं.

"मग रक्त थांबलं होतं असं डॉक्टर म्हणतात," काळुरामच्या वकिलानं विचारलं. "ते पुन्हा कशानं सुरू झालं?"

"पट्टी वढली."

"कुणी?"

 पास्कू भिंतीला टेकून उभा होता.

"माज्या नवऱ्यानं," सबीना म्हणाली. "त्याला ठावं नव्हतं. मी त्याला कदी सांगितलंच नव्हतं. दारात सगळी जमली तवा सांगितलं असतं तर कुऱ्हाड घेऊन कोन गेला नसता."

काळुराम खुनातून सुटला. धारदार हत्यारानं जखमी केल्याबद्दल त्याला दीड वर्ष सक्तमजुरी झाली. पुढच्या महिन्यात पास्कूला दोन वर्षं झाली. दोघांना ठाण्याच्या किल्ल्यातल्या तुरुंगातच ठेवलं.

साक्षीनंतरच्या आठवड्यात सबीनाच्या घरावर तीन रात्री दगड आले. एकानं थोरल्या मुलीचं कपाळ फुटलं. सबीना फडकं दाबून घड्याळाशिवायच मिनिटं मोजत बसली, रक्त थांबलं. सकाळपर्यंत परत आलं नाही. एमाचं लग्न मोडलं. ती बहिणीशी बोलेनाशी झाली. दोन महिन्यांनी मात्र ती एकटीच पायी ठाण्याला गेली आणि दौलतरावांना विचारून आली, की मला मुलगा झाला तर तो असा होईलच का. ते म्हणाले, होईलच असं नाही, होणार नाही असंही नाही. एमानं घरी येऊन आईला ते सांगितलं, सबीनाला नाही. आईनं मात्र ते सबीनाच्या कानावर घातलं.

तुरुंगात भेटीचा दिवस महिन्यातून एकदा असायचा. ऑगस्टमध्ये सबीना भाकरी आणि सुकट घेऊन दारासमोरच्या रांगेत उभी होती, तेव्हा तिच्या पुढं रखमाबाई होती. नवरा तुरुंगात गेल्यापासून ती ठाकुर्लीला माहेरी राहत होती, तिथूनच थेट आली होती, पायांवर चिखल होता. तिनं मागं वळून पाहिलं, सबीनाला ओळखलं आणि पुढच्याच क्षणी तिचे केस धरून तिला खाली ओढलं. भाकऱ्या चिखलात गेल्या. सबीनाच्या गालावर नखांचे चार ओरखडे उठले. तिनं हात उचलला नाही. शिपायानं येऊन दोघींना वेगळं केलं.

"तुज्या नवऱ्यानं डोला काढला त्याचा," रखमाबाई धापा टाकत म्हणाली.

"हाव."

"आनि तू तिथं जाऊन खरं बोललीस."

"हाव."

"कनाला? कशासाटी?"

सबीनानं पदरानं गाल पुसला. "एकच जखम व्हती," ती म्हणाली.

 शिपायानं नाव पुकारलं, काळुराम भोईर. रखमाबाई दोन पावलं पुढं गेली, थांबली, आपल्या टोपलीतल्या सहा भाकऱ्यांतल्या तीन काढल्या आणि मागं न पाहता सबीनाच्या हातात दिल्या. मग ती आत गेली.